ओल्या काळ्याची पारख

गाडीचा रंग सगळेच बघतात. तिच्या काळ्या भागांकडे सहसा कुणी बघत नाही. बम्परची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानींचं क्लॅडिंग, वायपरखालची जाळी, दारांची रबरी बीडिंग, टायरची बाजू. खरं तर गाडीचं वय पहिल्यांदा उघडं पडतं ते इथेच. पत्र्यावरचा रंग अजून तग धरून असतो, आणि क्लॅडिंग मात्र राखाडी, भुरकट, कोरडं ठाक. मग मालक दुकानात जातो आणि म्हणतो, ‘चमकणारं काहीतरी द्या.’ मागणी चुकते ती तिथेच.

हे प्लास्टिक राखाडी का पडतं, ते आधी पाहू. बम्पर-क्लॅडिंग बहुधा पॉलिप्रॉपिलिन जातीचं असतं आणि त्यात काजळी मिसळलेली असते. उन्हाने वरचा थर झिजतो, त्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे आणि चिरा पडतात. त्या खड्ड्यांतल्या हवेशी आणि प्लास्टिकशी गाठ पडली की प्रकाश सैरावैरा विखुरतो. आपल्याला दिसतो तो हा विखुरलेला पांढुरका उजेड. आतली काजळी कुठे गेलेली नसते. पहिल्या पावसात सह्याद्रीचा करडा कातळ एकाएकी काळाभोर होतो, त्यामागचं कारण हेच. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, पॉलिप्रॉपिलिनचा साधारण १.४९. खड्ड्यातली हवा हटवून तिथे प्लास्टिकच्या जवळ जाणारं काहीही भरलं की विखुरणं कमी होतं. पाणी उडून जातं. सिलिकॉनचं तेल, अपवर्तनांक सुमारे १.४०, उडत नाही. ह्या काळ्या भागांना लावायच्या द्रवांना ड्रेसिंग म्हणतात, आणि बहुतेक ड्रेसिंगांचं मर्म एवढंच.

म्हणजे काळेपणा येतो खड्डे भरल्याने, आणि चकाकी येते खड्डे भरून वर उरलेल्या जादा तेलाने. ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ड्रेसिंग लावून पाच-दहा मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरने अंग पुसून घ्या: चकाकी निघून जाते, काळं तसंच राहतं. हा जो उरतो तो ओला काळा. त्याला खोली असते, त्यात दाण्यांचं पोत दिसतं, आणि बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नाही. तेलकट काळा त्याच्या उलट: पोत बुडालेलं, कडांना ओघळ, दुसऱ्या दिवशी धुळीचा थर. बाटलीवरचं नाव काहीही असो, माझी पसंती पुसल्यावर काय उरतं त्यावर ठरते.

बाटल्या मुख्यतः दोन घराण्यांच्या. एक दुधाळ पांढरी, पाण्यात सिलिकॉन घुसळून केलेली. दुसरी पारदर्शक, झाकण उघडताच रॉकेलच्या कुळातला वास देणारी, पेट्रोलियमच्या द्रावकातली. दुसरी लगेच डोळ्यांत भरते आणि पावसातही जास्त टिकते. पण ते द्रावक रबराला फुगवतं आणि व्हिनिलला मऊ ठेवणारी द्रव्यं बाहेर ओढू शकतं. ‘सिलिकॉनने डॅशबोर्ड तडकतो’ असं गॅरेजात ठासून सांगतात. सिलिकॉनचं तेल स्वतः फार निरुपद्रवी असतं. शंका घ्यायची तर ते कशात कालवलंय त्याची घ्यावी. एक तक्रार मात्र सोळा आणे खरी. रंगकाम करणारे सिलिकॉनला घाबरतात, कारण त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. गाडी रंगाला द्यायची असेल तर त्याआधी ड्रेसिंगला हात लावू नये.

उन्हापासून संरक्षणाचा दावा जवळपास प्रत्येक बाटलीवर असतो. तो किंचित हात राखून वाचावा. नुसतं सिलिकॉन अतिनील किरण अडवत नाही, ते त्याच्यातून आरपार जातात. अडवणारं द्रव्य वेगळं घालावं लागतं, आणि घातलं तरी तो थर पाऊस, धूळ, पुसणं यांनी झिजतो. दर महिना-दीड महिन्याने पुन्हा लावणार असाल तर त्या दाव्याला अर्थ आहे. दिवाळीला एकदा लावलेली बाटली वैशाखापर्यंत पुरत नाही.

टायरचं प्रकरण सर्वांत रसाळ. टायर तपकिरी दिसतो तो मळाने, असं वाटतं. त्यात मळ असतोच, पण रबराला ओझोनपासून जपण्यासाठी कारखान्यातच मिसळलेली रसायनंही असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेने तपकिरी होतात. त्या तपकिरीवर ड्रेसिंग ओतलं तर ते रबराला चिकटत नाही, तपकिरीलाच चिकटतं, आणि चाक फिरू लागलं की उडून दारांवर ठिपके काढतं. म्हणून आधी ब्रश आणि साबण. पहिला फेस चहाच्या रंगाचा येतो. तो पांढरा येईपर्यंत घासायचं, वाळू द्यायचं, मग स्पंजने पातळ हात. लावल्यावर तासभर गाडी हलवू नये. सोसायटीत गाड्या पुसणारे काका टायरला डिझेलचा बोळा फिरवतात आणि टायर नव्यासारखा दिसतोही. पण डिझेल रबरात मुरतं, त्याला फुगवतं. खोबरेल तेलाने एवढं नुकसान होत नसेल, पण ते धूळ धरतं आणि खवट होतं.

डॅशबोर्डवर चकाकी हा माझ्या मते निव्वळ अरसिकपणा. कंपनीने तो मुद्दाम खरबरीत, निस्तेज केलेला असतो, कारण गुळगुळीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. दुपारी बोगद्यातून उन्हात बाहेर पडताना काचेवर हे पांढुरकं सावट आलं की रस्त्यावरचा माणूस उशिरा दिसतो. तिथे दुधाळ, मॅट म्हणून विकलं जाणारं ड्रेसिंग घ्यावं, कापडावर घेऊन लावावं. फवारा थेट मारला की तो डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर, एसीच्या फटींत आणि काचेवर जातो.

बीडिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दारांचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं, त्याला पेट्रोलियम ग्रीस मानवत नाही, सिलिकॉन मानवतं. पावसाळ्याआधी एक पातळ हात द्यावा, म्हणजे दार उघडताना रबर चिकटत नाही, करकर थांबते.

क्लॅडिंगवर पॉलिशचे पांढरे डाग बसले असतील तर ड्रेसिंगने ते फक्त लपतात. आधी शाळेतल्या खोडरबराने घासून बघा, बहुतेक निघतात.

दुकानात एकच बाटली घ्यायची असेल तर दुधाळ, पाण्यातली घ्या, आणि अर्धं कौशल्य कोरड्या कापडावर सोडा. स्टिअरिंग, पेडल, गिअरची मूठ आणि सीटला ती लावू नका. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला नको, ब्रेकच्या चकतीवर थेंबही नको. आणि दुचाकीच्या टायरला तर काहीच लावू नका. वळणावर ती ज्या कडेवर झुकते, ती कड कोरडीच हवी.