सहीपलीकडची संमती : प्रा. जे कॅट्झ यांचा विचार

संमतिपत्रावर रुग्णाची सही झाली की त्याची संमती मिळाली, ही रुग्णालयांतील रूढ समजूत आहे. ती मुळापासून तपासणाऱ्यांत येल विद्यापीठातील प्रा. जे कॅट्झ (1922–2008) यांचे नाव अग्रभागी येते. जर्मनीतील ज्यू कुटुंबात जन्म, नाझी राजवटीमुळे देशत्याग, हार्वर्डची वैद्यकीय पदवी, मनोविश्लेषणाचा अभ्यास आणि पुढे कायद्याचे अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला.

माणसांवरील वैद्यकीय प्रयोग हा त्यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय. त्यावरचा त्यांचा बृहद्ग्रंथ 1972 साली आला आणि त्याच वर्षी टस्कीगीचे प्रकरण उघडकीस आले. अलाबामात 1932 पासून उपदंश झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोगाची वाटचाल नोंदवली जात होती. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही. चौकशी समितीत कॅट्झ होते. अहवालाची भाषा त्यांना मवाळ वाटली, म्हणून या माणसांची फसवणूक आणि पिळवणूक झाली असे त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवले. पुढे किरणोत्सारी प्रयोगांच्या चौकशीतही, 1995 साली, त्यांनी आपले वेगळे निवेदन जोडले.

‘द सायलेंट वर्ल्ड ऑफ डॉक्टर अँड पेशंट’ (1984) हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ. डॉक्टरांच्या मौनाचे कारण कॅट्झ केवळ अहंकारात शोधत नाहीत. वैद्यकातील अनिश्चितता रुग्णासमोर कबूल करणे डॉक्टरला जड जाते, हे त्यांचे निदान आहे. स्तनाच्या कर्करोगावर कोणती शस्त्रक्रिया करावी याविषयी तज्ज्ञांत मतभेद असतानाही रुग्ण स्त्रीला एकच मार्ग ठामपणे सांगितला जाई, हे त्यांनी दाखवले. अमेरिकी न्यायालयांनी माहिती देण्याचे बंधन घातले, तरी संवाद त्यातून निर्माण झाला नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

या विचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॅट्झ यांच्यासमोर प्रामुख्याने दोन माणसे आहेत, एक डॉक्टर आणि एक रुग्ण. मनोविश्लेषकाच्या दीर्घ भेटीचा ठसा या मांडणीवर दिसतो. ओपीडीतील रांग, उपचाराचा खर्च आणि रुग्णाऐवजी बोलणारे नातेवाईक यांना तिच्यात पुरेशी जागा नाही.

भारतात हा तिसरा पक्ष दुर्लक्षिता येत नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, तिच्या आईची संमती घेऊन, काढण्यात आले होते. सज्ञान स्त्रीऐवजी आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. मात्र रुग्णाला किती माहिती द्यावी हे ठरवताना अमेरिकी कसोटी नाकारून वैद्यकीय व्यवसायातील मान्य प्रथाच प्रमाण मानली. कॅट्झ यांच्या कसोटीवर हा न्याय अर्धाच ठरतो, कारण निर्णय रुग्णाचा असला तरी तो कशाच्या आधारे घ्यायचा, हे ठरवणे डॉक्टरांच्याच हाती राहते. नातेवाईकांच्या गर्दीपुरता कॅट्झ यांचा विचार तोकडा पडत असला, तरी या उणिवेवर बोट ठेवायला तोच उपयोगी पडतो.