गझलेतला वाइज आणि गल्ल्याचा हिशेब

नववीच्या वर्गात गझल शिकवताना आम्ही फळ्यावर पाच शब्द लिहितो: वाइज, जाहिद, शेख, नासेह, मुहतसिब. उर्दू शायरीतील ही ठरलेली मंडळी. कुणी प्रवचन करतो, कुणी परहेजगारी मिरवतो, कुणी न मागितलेली नसीहत देतो. शायर त्यांची टर उडवतो आणि आपण दाद देतो. गेल्या वर्षी एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, वाइज मतलब अपने मौलानासाब क्या?" वर्ग हसला. आम्ही घाईने म्हणालो, "नहीं बेटे, ये तो शायरी की रिवायत है." आणि पुढचा शेर घेतला.

त्या दिवसांत आम्ही असगर अली इंजिनियर यांचे 'अ लिव्हिंग फेथ' हे 2011 साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मचरित्र वाचत होतो. एसटीत वाचताना त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते, हेही सांगून टाकतो. आम्ही बोहरा नाही. गावातल्या बोहरी हार्डवेअरच्या दुकानात खिळे-कब्जे घेण्यापलीकडे त्या जमातीशी आमचा संबंध नाही. तरीही कव्हर घातले. कशासाठी, याचा विचार करता करता हा लेख झाला.

असगर अलींचा जन्म 1939 चा, राजस्थानातील सलुंबरचा. वडील आमिल, म्हणजे बोहरा धर्मव्यवस्थेचेच प्रतिनिधी. मुलाला अरबी, तफसीर, हदीस, फिकह त्यांनीच शिकवले. मुलगा पुढे इंजिनियर झाला आणि मुंबई महापालिकेत सुमारे वीस वर्षे नोकरी केली. तरुणपणी रसेल वाचला, मार्क्स वाचला. पण कुरआन हातातून सुटले नाही. ज्या घरातून त्यांना ईमान मिळाले, त्याच घरात धर्मसंस्थेचा धाकही त्यांनी पाहिला. बाहेरून आलेला टीकाकार आणि आमिलाचा मुलगा यांच्या लिखाणात फरक पडतो तो इथे. बाहेरच्याला पाडून टाकणे सोपे असते. आतल्याला आधी कोणती भिंत घराची आणि कोणती मागाहून बांधलेली, ते पाहावे लागते.

1970 नंतर उदयपूरच्या बोहरा तरुणांनी धर्मसंस्थेच्या नियंत्रणाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा असगर अली त्यांच्या बाजूने लिहू लागले. 1977 च्या उदयपूर अधिवेशनात सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाचे सरचिटणीस झाले. त्यांचे म्हणणे मुळात फार साधे होते. दाई हे धर्मप्रमुख, ते पद आम्हाला मान्य आहे. पण आमच्या दुकानात, मतपेटीत, लग्नात तुमची परवानगी का लागावी? आणि जमातीकडून जो पैसा गोळा होतो, त्याचा हिशेब जमातीला का मिळू नये?

हिशेबाचा हा प्रश्न त्यांनी शोधून काढलेला नव्हता. मुंबईत सेठ चांदाभाईंच्या मजारीवर गल्ला असे. त्यात पडणाऱ्या पैशावर अधिकार कुणाचा, हा वाद 1917 मध्ये हायकोर्टात गेला. नेणारे होते सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातले. माथेरानची छोटी रेल्वे बांधणारे तेच घराणे. 1921 मध्ये न्यायमूर्ती मार्टेन यांनी तो पैसा सार्वजनिक धर्मादाय असल्याचे आणि दाई त्याचे जबाबदार विश्वस्त असल्याचे ठरवले. म्हणजे 'गल्ला' हा आपल्या मराठी दुकानातला शब्द धर्मसंस्थेच्या संदर्भात शंभर वर्षांपूर्वी न्यायालयात उच्चारला गेला. आमच्या गझलेत मात्र तो अजून आलेला नाही.

आमचा मुद्दा तोच आहे. गझलेतल्या वाइजाला नाव नसते, गाव नसते, मशिदीचा पत्ता नसतो आणि हिशेबाची वही तर मुळीच नसते. त्याचा दोष काय, तर ढोंग. ढोंग हा स्वभावाचा दोष आहे. त्यावर हसता येते आणि हसून घरी जाता येते. मुशायऱ्यात पहिल्या रांगेत बसलेले ट्रस्टी आणि मौलानासाहेबही वाइजावरच्या शेराला 'मुकर्रर' म्हणतात, कारण तो वाइज आपण नव्हे, अशी प्रत्येकाची खात्री असते. मीरपासून फैजपर्यंतच्या शायरांचे मोठेपण आम्हाला मान्य आहे. पोट त्यांच्यावरच चालते. पण या रिवायतीने आपल्याला एक सोयही करून दिली. संस्थेविषयीचा राग आपण शेरात जिरवून टाकतो.

त्या पाच शब्दांत एकच असा, की ज्याला खरोखर हुद्दा होता: मुहतसिब. बाजारातली मापे आणि लोकांचे वर्तन तपासणारा सरकारी अधिकारी. औरंगजेबाने 1659 मध्ये असे मुहतसिब नेमले होते. मुहतसिब आणि हिशेब हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेले. असगर अलींनी केले ते एवढेच, की हा शब्द उलटा फिरवला. तुम्ही आमचा हिशेब घेता, आता तुमचा द्या. शायराला याबद्दल दाद मिळते, त्यांना बरात मिळाली. बरात म्हणजे बोहरा जमातीतला बहिष्कार. नातलगांनी बोलायचे नाही, निकाहाला बोलवायचे नाही, मयतीला यायचे नाही.

हा बहिष्कार रोखण्यासाठी मुंबई राज्याने 1949 मध्ये कायदा केला होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द ठरवला. धर्मसंस्थेला आपल्या धर्माचा कारभार स्वतः करण्याचा अधिकार आहे, हे त्याचे कारण. विरोधी मत होते सरन्यायाधीश सिन्हा यांचे. बहिष्कृत माणसाची स्थिती अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी पाहिले. मराठी वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो जातपंचायतींच्या छळाच्या पार्श्वभूमीवर. 1962 च्या निकालाचा प्रश्न फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान असगर अलींवर अनेकदा हल्ले झाले, 2000 च्या फेब्रुवारीत मुंबईतील घराची आणि कार्यालयाची मोडतोड झाली, 2004 मध्ये 'राइट लाइव्हलीहूड' हा जागतिक सन्मान मिळाला आणि 2013 च्या मे महिन्यात ते गेले.

पुस्तक म्हणून 'अ लिव्हिंग फेथ' फार देखणे नाही. भाषा सरळ आणि कोरडी. मोजमापाच्या वहीत नोंदी कराव्यात तशी माणसे, सभा, प्रवास येतात आणि जातात. उर्दूवर एवढे प्रेम असणाऱ्या माणसाने हे उर्दूत लिहिले असते तर, असे वाटत राहते. शीर्षकात ईमान आहे, पण एकट्याने मुसल्ल्यावर बसलेले असगर अली आम्हाला आणखी भेटायला हवे होते. बहिष्काराच्या काळात त्यांनी कोणती दुआ मागितली? मार खाल्ल्यावर मनात आधी राग आला की आयत आली? इथे आत्मचरित्राने आपली तहान भागवली नाही, हे म्हटलेच पाहिजे.

दुसरी एक तक्रार. जे लोक संस्थेसोबत राहिले ते सगळे भीतीने राहिले, असे आपण धरून चालतो. बोहरा जमातीत लोक एका थाळाभोवती बसून जेवतात, अडल्यानडल्याला कर्ज मिळते, शाळा-दवाखाने चालतात. सय्यदनांवरचे त्यांचे प्रेम अनेकांसाठी खरे आहे, त्यात इबादतीचा ओलावा आहे. त्या प्रेमाला नुसते गुलामी म्हणून चालणार नाही. पण म्हणूनच हिशेबाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. प्रेम जितके खरे, तितकी त्याची अमानत जड.

या पुस्तकाची काही पाने मराठीत आणावीत म्हणून आम्ही बसलो आणि एका शब्दावर अडलो: रजा. बोहरा व्यवहारात रजा म्हणजे धर्मप्रमुखांची परवानगी. उर्दूत रजा म्हणजे खुशी, संमती. अल्लाहची रजा म्हणजे त्याची मर्जी, ज्यासाठी मोमीन जगतो. मराठीत रजा म्हणजे हेडमास्तरांकडे अर्ज करून मिळते ती. तीन भाषाव्यवहारांत फिरता फिरता अल्लाहच्या मर्जीचा शब्द कार्यालयीन होऊन बसला! असगर अलींचे सगळे भांडण या एका शब्दात मावते. अल्लाहची रजा मिळवण्यासाठी माणसाची रजा लागते का?

हे फक्त बोहऱ्यांचे घरगुती भांडण आहे असे आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात. आमच्याकडे दाई नाही, म्हणून आमच्याकडे प्रश्न नाही. जुम्याच्या बयानात हजरत उमर यांच्या कुर्त्याची कथा आम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. वाटणीत प्रत्येकाला एकच चादर आली असता खलिफांच्या अंगावर एवढे कापड कसे, असे भर सभेत एकाने विचारले आणि मुलाने आपला वाटा दिल्याचा खुलासा झाल्यावरच लोक पुढचे ऐकायला तयार झाले. ही कथा सांगताना मौलानांचा आवाज भरून येतो, आमचाही येतो. वर्गात आम्ही ती दर वर्षी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका धर्मादाय संस्थेच्या सभेत एका निवृत्त बुजुर्गांनी दुकानगाळ्यांच्या भाड्याचा हिशेब मागितला. आवाज चढवला नाही. कागदावर लिहून आणलेले चार प्रश्न वाचले. उत्तर आले की तुमच्या ईमानात कमजोरी आहे. मागून कुणीतरी 'हामिद दलवाई' असे ओरडले. दलवाईंची वाट वेगळी होती, या बुजुर्गांची तहज्जुद चुकत नाही. पण आमच्याकडे शिवी द्यायची तर एवढा फरक कोण करतो? आम्ही त्या सभेत होतो. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला प्रोत्साहन द्यावे. आम्ही चपला शोधत बाहेर आलो.

मुस्लिम मराठी साहित्यात तलाक आला, दंगल आली, संशयाची नजर आली, गरिबी आली. हे सारे यायलाच हवे होते. पण गल्ला, पावतीपुस्तक, गाळ्याचे भाडे, पाच-सात घरांतच फिरणारी ट्रस्टीपदे आमच्या वाचनात तरी फारशी आली नाहीत. आमच्या कथांमधले मौलाना अजूनही गझलेतून उसने आणलेले असतात: दाढी, तसबीह आणि ढोंग. अशा मौलानाला कुणी घाबरत नाही, म्हणून तो लिहायलाही कुणी घाबरत नाही.

ते बुजुर्ग अजून फजरला येतात, पहिल्या सफेत, उजव्या टोकाला. सलाम फेरताना उजवीकडे मान वळवली की ते दिसतात. बाहेर पडताना ते सगळ्यांना सलाम करतात. काही लोक उत्तर देत नाहीत. आम्ही देतो, पण हळू आवाजात.