अँड्रॉइडमधील टॅब नेव्हिगेशन : एक चिकित्सक परीक्षण

अँड्रॉइडवर टॅब बनवण्याची पद्धत वारंवार बदलली. आधी टॅबअ‍ॅक्टिव्हिटी होती, मग अ‍ॅक्शनबारमधील टॅब आले. तेही २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये कालबाह्य ठरले आणि पुढच्या वर्षी टॅबलेआउट आले. जुन्या नोट्स वाचताना हा क्रम लक्षात ठेवा, नाहीतर कालबाह्य कोड प्रोजेक्टमध्ये शिरतो.

आज शिकवली जाणारी रचना म्हणजे टॅबलेआउट, व्ह्यूपेजर२ आणि त्यांना जोडणारा टॅबलेआउटमीडिएटर. मोजक्या ओळींत टॅब दिसतात, बोटाने सरकतातही. एकाच पातळीवरच्या मजकुरासाठी, उदाहरणार्थ एकाच विषयाच्या 'नोट्स' आणि 'प्रश्न' यांसाठी, ही रचना उत्तम आहे.

अडचण खालच्या पट्टीत, म्हणजे बॉटम नेव्हिगेशनमध्ये येते. बहुतेक उदाहरणांत प्रत्येक क्लिकवर नवा फ्रॅगमेंट तयार करून 'रिप्लेस' केला जातो. डेमो व्यवस्थित चालतो. पण समजा, वापरकर्त्याने 'अर्ज' टॅबमध्ये अर्धा फॉर्म भरला, 'सूचना' पाहिल्या आणि तो परत आला. फॉर्म कोरा! शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी हा दोष क्षुल्लक राहत नाही. टॅब म्हणजे केवळ बटण नव्हे. प्रत्येक टॅबची स्थिती आणि मागे जाण्याचा क्रम स्वतंत्रपणे जपला पाहिजे. आयओएसमध्ये प्रत्येक टॅबला स्वतःचा नेव्हिगेशन कंट्रोलर देण्याची पद्धत रुळलेली आहे. अँड्रॉइडच्या नेव्हिगेशन लायब्ररीत ही सोय आवृत्ती २.४.० पासून मिळाली. तिथे सेटअपविथनॅव्हकंट्रोलर वापरल्यास टॅब बदलताना स्थिती आपोआप जपली जाते. तरीही बहुतेक उदाहरणे 'रिप्लेस'वरच थांबतात, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप लेबलांचा. 'होम'च्या जागी 'मुख्यपृष्ठ', 'प्रोफाइल'च्या जागी 'वैयक्तिक माहिती' लिहिले की जागा अपुरी पडते. तमिळ किंवा मल्याळममध्येही शब्द लांब होऊ शकतात. खालच्या पट्टीत तीन ते पाचच टॅब ठेवा. वरच्या टॅबसाठी टॅबमोड 'स्क्रोलेबल' करा. अक्षरांचा आकार मोठा करून मात्रा, रफार कापले जात नाहीत ना, तेही पाहा.

प्रोजेक्ट सादर करण्यापूर्वी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' चालू करा. अर्धा फॉर्म भरा, टॅब बदला, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत या. लिहिलेले जागेवर असेल, तरच तुमचे टॅब नेव्हिगेशन पूर्ण झाले असे समजा.