कूपर ब्लॅक : एका ठळक सेरिफ टाइपफेसचा स्वभाव आणि उपयोग

कूपर ब्लॅक हे नाव कदाचित तुम्ही ऐकले नसेल, पण ही अक्षरे तुम्ही पाहिली आहेत. ईझीजेट या ब्रिटिश विमानकंपनीचे नारिंगी रंगावरचे पांढरे नाव आठवा. लठ्ठ, गुबगुबीत, कडा वितळल्यासारखी अक्षरे. एमएस ऑफिसमुळे हा फॉन्ट अनेक संगणकांवर आधीपासूनच असतो आणि म्हणूनच तो विचार न करता वापरला जातो. या पाठात आपण तो थोडा विचार करून पाहू.

शिकागोमध्ये जाहिरातींसाठी हाताने अक्षरे काढणाऱ्या ऑस्वाल्ड कूपर यांचा हा टाइपफेस बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने १९२२ मध्ये बाजारात आणला. तो डिस्प्ले प्रकारचा, म्हणजे मथळे, फलक, वेष्टने अशा मोजक्या शब्दांच्या आणि मोठ्या आकाराच्या कामासाठी आहे. त्या काळी अक्षरे म्हणजे धातूचे खिळे. कागदावर दाबल्यावर शाई थोडी पसरायची, वापरून वापरून खिळ्यांचे कोपरे झिजायचे. कूपर ब्लॅकला मुळात कोपरेच नाहीत, त्यामुळे झीज सहज नजरेत येत नाही.

आता त्याची रचना जवळून पाहा. सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघेच्या टोकाला असलेला छोटा पाय. बोडोनीसारख्या टाइपफेसमध्ये हा पाय सपाट आणि बारीक असतो. अशा अक्षरांशेजारी गोल 'ओ' ठेवताना तो आधाररेषेच्या किंचित खाली उतरवावा लागतो, नाहीतर गोल अक्षर डोळ्यांना लहान भासते. कूपर ब्लॅकमध्ये 'एन' आणि 'एल' यांचे पायसुद्धा गोलच आहेत. सगळीच अक्षरे जणू गादीवर बसलेली. त्यामुळे एखादे अक्षर केसभर वर किंवा खाली लागले तरी ओळ बिघडलेली वाटत नाही. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत, या टाइपफेसचा टॉलरन्स मोठा आहे. मला तो आवडण्याचे खरे कारण हेच.

पुढे कागदावर घासून अक्षरे उमटवण्याचे तक्ते आले, टी-शर्टवर इस्त्रीने चिकटवायची अक्षरे आली. हे काम करणारे हात अनेकदा हौशी लोकांचे होते आणि हा टॉलरन्स त्यांच्या उपयोगी पडला. फोटोटाइपसेटिंगने आणखी एक बंधन काढले. धातूचा खिळा शेजारच्या खिळ्यावर चढू शकत नाही, फिल्मवरची अक्षरे मात्र हवी तितकी जवळ आणता येतात. बीच बॉइज या बँडच्या 'पेट साउंड्स' (१९६६) या अल्बमचे मुखपृष्ठ पाहा. हिरव्या पट्ट्यावर अक्षरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि तरीही वाचता येतात. याचे श्रेय 'ओ'च्या आतल्या तिरक्या, अंडाकृती पोकळीलाही द्यायला हवे. ती पोकळी सरळ उभी असती तर हे अक्षर टायरसारखे दिसले असते. तिरकेपणामुळे त्यात पेनाच्या हालचालीची आठवण राहते.

उणिवाही याच गुणांतून येतात. दहा-बारा पॉइंटमध्ये परिच्छेद लावला की पोकळ्या बुजू लागतात आणि पान काळवंडते. प्रोजेक्ट रिपोर्टच्या मजकुरासाठी तो घेऊ नका. सगळा मथळा कॅपिटल अक्षरांत लावला तरी तो जड आणि मठ्ठ होतो, कारण या टाइपफेसची गंमत लहान अक्षरांत आहे.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. या अक्षरांना एकच सूर येतो. शब्द कोणताही असो, ती हसूनच बोलतात. स्वस्त विमानप्रवास विकणाऱ्या कंपनीला हे हसू सोयीचे आहे. प्रवासी थोडा निर्धास्त होतो. हेच हसू प्रयोगशाळेत 'धोका, उच्च दाब' या अर्थाच्या इंग्रजी पाटीवर आले तर? पाटी लांबून वाचता येईल, ठळकही दिसेल, पण वाचणारा मागे सरकणार नाही. ठळकपणा आणि गांभीर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टर करताना विद्यार्थी (आणि समित्यासुद्धा) त्यांची सर्रास गल्लत करतात. इशाऱ्याच्या पाटीवर साधा, सरळ कडांचा सॅन्स-सेरिफ घ्यावा. बालनाट्य, बेकरी किंवा स्नेहसंमेलन यांसाठी कूपर ब्लॅक खुशाल वापरा.

द्विभाषिक पोस्टरवर आणखी एक अडचण येते. शेजारच्या मराठी ओळीला तितकेच वजन हवे म्हणून तुम्ही 'बोल्ड'चे बटण दाबता. फॉन्टला स्वतःचे ठळक रूप नसेल तर संगणक मूळ रेघाच फुगवतो. रोमन अक्षर त्यातून कसेबसे निभावते. देवनागरीत वर शिरोरेषा आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. जाडी वाढायला जागाच कुठे आहे? मुंबईच्या एक टाइपने केलेला 'बलू' हा मोफत फॉन्ट याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याला सेरिफ नाहीत, तो कूपर ब्लॅकची नक्कलही नाही. पण जाड रेघ आणि उघडी पोकळी यांचा मेळ त्यात देवनागरीच्या अंगाने घातला आहे. 'शुद्धिपत्र' हा शब्द एकदा साध्या फॉन्टला फुगवून आणि एकदा बलूमध्ये, सारख्याच आकारात छापा. दोन्ही कागद भिंतीला लावा, दहा पावले मागे जा आणि 'द्धि' कुठे वाचता येतो ते पाहा.