वजन परत का येतं? ‘बिगेस्ट लूझर’च्या पेपरचं आपण केलेलं चुकीचं वाचन

आजचा पेपर तुम्ही कदाचित वाचला नसेल, पण त्याचा ‘निष्कर्ष’ नक्की ऐकला असेल: झपाट्यानं वजन उतरवलं की मेटाबॉलिझम कायमचं मंदावतं आणि म्हणूनच वजन परत येतं. जिमचा ट्रेनर हे सांगतो, डाएटचे व्हिडिओ हे सांगतात. दोन वर्षांपूर्वी कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मीही हेच सांगितलं होतं, चांगल्या पंधरा स्लाइड्स करून.

प्रश्नोत्तरात मॅडमनी एकच विचारलं, “ज्यांचं मेटाबॉलिझम जास्त मंदावलं, त्यांचंच वजन जास्त परत आलं का? सहसंबंध किती आहे?”

मला सांगता आलं नाही. वाईट याचं वाटलं की तो आकडा पेपरच्या आत कुठं दडलेला नव्हता, सारांशातच होता. मी वाचला होता आणि पुढं गेले होते, कारण गोष्ट मला आधीच माहीत होती.

फजिती सेमिनारपुरती असती तर विसरून गेले असते. पण हीच गोष्ट मी फोनवर आईलाही सांगितली होती. तिनं पाकिटातल्या पावडरींवर चार महिन्यांत अकरा किलो उतरवले होते आणि दीड वर्षात ते सगळे परत आले होते. ती स्वतःलाच दोष देत होती. मी धीर द्यायला म्हणाले, “आई, तुझी चूक नाही गं. शरीराचं मेटाबॉलिझमच बिघडतं, संशोधन झालंय त्यावर.” ती म्हणाली, “मग आता चालून तरी काय उपयोग?” आणि तिनं संध्याकाळचं चालणं बंद केलं.

म्हणून आज तोच पेपर पुन्हा, या वेळी नीट वाचून.

पेपर काय आहे?

‘द बिगेस्ट लूझर’ हा अमेरिकेतला टीव्हीवरचा स्पर्धेचा कार्यक्रम. जास्तीत जास्त वजन उतरवेल तो जिंकायचा. त्यासाठी कडक आहार आणि रोज कित्येक तास व्यायाम. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी एका पर्वातल्या १६ पैकी १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. फॉदरगिल आणि इतरांचा हा शोधनिबंध २०१६ मध्ये ‘ओबेसिटी’ या जर्नलमध्ये आला.

आधी एक संकल्पना. आपण नुसते पडून असलो तरी शरीर ऊर्जा खर्च करतं. याला विश्रांतीतला ऊर्जाखर्च म्हणू. वजन कमी झालं की हा खर्च कमी होणारच, लहान घराला वीजबिल कमी येतं तसा. प्रश्न असा की, त्या आकाराच्या शरीराला जेवढा खर्च अपेक्षित आहे, त्याहूनही तो कमी झाला का? या जादा घटीला ‘मेटाबॉलिक अडॅप्टेशन’ म्हणतात.

आता आकडे. सुरुवातीचं सरासरी वजन सुमारे १४९ किलो. ३० आठवड्यांच्या स्पर्धेत सरासरी ५८.३ किलो उतरलं. सहा वर्षांत त्यातलं ४१ किलो परत आलं. विश्रांतीतला खर्च सुरुवातीला रोज २६०७ किलोकॅलरी होता, स्पर्धेनंतर १९९६ झाला आणि सहा वर्षांनी १९०३. म्हणजे वजन बरंचसं परत आलं, खर्च मात्र परत वाढला नाही. अडॅप्टेशन स्पर्धेच्या शेवटी रोज २७५ किलोकॅलरी होतं, सहा वर्षांनी ४९९.

हे आकडे खरंच धक्कादायक आहेत. बातम्या झाल्या त्या यांच्याच, आणि ‘मंदावलं’ व ‘परत आलं’ या दोन वाक्यांच्या मधे ‘म्हणून’ हा शब्द गुपचूप येऊन बसला.

ओलांडून गेलेला आकडा

‘म्हणून’ खरं असेल तर काय दिसायला हवं? स्पर्धेच्या शेवटी ज्याचं मेटाबॉलिझम जास्त मंदावलं, त्याचं वजन पुढं जास्त परत यायला हवं. पेपरनं हे तपासलं आहे. सहसंबंध गुणक उणे ०.१, पी-मूल्य ०.७५. म्हणजे तसा संबंध दिसला नाही.

पुढचं वाक्य तर उलटंच जातं. सहा वर्षांनी ज्यांनी जास्त वजन उतरलेलं टिकवलं होतं, त्यांच्यातच मेटाबॉलिझम जास्त मंदावलेलं होतं. इथं गुणक ०.५९ आणि पी-मूल्य ०.०२५.

पुन्हा वाचा. ज्यांना यश मिळालं, त्यांचंच इंजिन जास्त मंद होतं.

सरासरीनंही आपल्याला फसवलं. ४१ किलो परत आलं खरं, पण त्याचं प्रमाण विचलन ३१.३ किलो आहे. एवढा पसारा असेल तर सरासरी एकाही माणसाचं धड वर्णन करत नाही. शिवाय ५८ मधून ४१ वजा करा: सहा वर्षांनीही हा गट मूळ वजनाच्या सुमारे १२ टक्के खाली होता. ही ओळ बातमीत येत नाही.

पण लगेच टाळ्या वाजवू नका

सेमिनारनंतर मी दुसऱ्या टोकाला गेले: ‘मेटाबॉलिझमचा वजनाशी संबंधच नाही!’ हेही तितकंच कच्चं वाचन. का ते बघा.

पहिलं, माणसं फक्त १४. उणे ०.१ या गुणकाचा ९५ टक्के विश्वासांतराल मी फिशरच्या पद्धतीनं काढला, तो साधारण उणे ०.६ ते अधिक ०.४५ येतो. म्हणजे खरा संबंध एका दिशेला बऱ्यापैकी घट्ट असू शकतो, नसू शकतो किंवा उलटाही असू शकतो. ‘संबंध सापडला नाही’ आणि ‘संबंध नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ०.५९ चा अंतराल साधारण ०.०९ ते ०.८५. तोही लोकांना वाटतो तितका ठाम नाही.

दुसरं, अडॅप्टेशन थेट मोजता येत नाही. मोजलेला खर्च वजा सूत्रानं काढलेला अपेक्षित खर्च, असं ते निघतं. आणि ते सूत्र शरीराच्या आकारावर उभं असतं. सूत्रात जरा चूक असली तर ज्यांचं वजन जास्त बदललं त्यांच्यात ती जास्त दिसणार. अशा वेळी दोन मापं एकमेकांशी गणितानंच थोडी बांधली जातात. ०.५९ वाचताना हे ध्यानात ठेवायचं.

तिसरं, तुलनेचा गट नाही. हेच वजन सावकाश उतरवलं असतं तर काय झालं असतं, हे या पेपरवरून सांगताच येत नाही. तरीही ‘हळू उतरवलेलंच टिकतं’ याला लोक याच पेपरचा दाखला देतात. त्या प्रश्नासाठी यादृच्छिक गट पाडून केलेला प्रयोग हवा. ऑस्ट्रेलियात तो झाला आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’मध्ये आला. सुमारे २०० लोक. काहींनी १२ आठवड्यांत, काहींनी ३६ आठवड्यांत वजन उतरवायचं. ज्यांनी ठरलेलं वजन उतरवलं, त्यांचा पुढं जवळजवळ तीन वर्षं पाठपुरावा केला. दोन्ही गटांत उतरलेल्यातलं साधारण ७१ टक्के वजन परत आलं. वेगानं फरक पडला नाही. हा डॉक्टरांच्या देखरेखीतला प्रयोग होता, तेव्हा यावरून क्रॅश डाएट सुरक्षित ठरत नाही. पण ‘सावकाश म्हणजे टिकाऊ’ हे समीकरणही इतकं सोपं नाही.

मग ज्यांचं टिकलं, त्यांनी काय केलं?

याच १४ जणांवर कर्न्स आणि इतरांचा दुसरा पेपर २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये आला. त्यात मध्यकावरून दोन गट पाडले. वरच्या गटाचं वजन सहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा सरासरी २४.९ टक्के कमी होतं, खालच्या गटाचं १.१ टक्का जास्त. खाण्यातली घट दोन्हीकडे सारखीच, ८.७ आणि ७.४ टक्के. फरक होता हालचालीत: टिकवणाऱ्यांची हालचाल सुरुवातीपेक्षा १६० टक्के वाढलेली, बाकीच्यांची ३४ टक्के. रोज सुमारे ८० मिनिटं मध्यम किंवा ३५ मिनिटं जोरदार व्यायामाइतकी.

इथंही पेन्सिल हातात हवी. १४ माणसांचे सात-सात करणं म्हणजे आधीच थोडी असलेली माहिती आणखी फेकून देणं. मध्यकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांच्यात फरक कितीसा असणार? आणि कार्यकारणाची दिशाही पक्की नाही. हालचालीमुळं वजन टिकलं, की वजन कमी राहिल्यामुळं हालचाल सोपी गेली? गुडघे दुखणाऱ्या कुणालाही विचारा, दोन्ही खरं वाटतं.

तरी आता ०.५९ चं कोडं थोडं सुटतं. केव्हिन हॉल यांनी २०२२ मध्ये आपल्याच अभ्यासाचं पुनर्वाचन प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की, जी माणसं वर्षानुवर्षं जास्त हालचाल करत राहतात, त्यांचं शरीर विश्रांतीतला खर्च कमी करून थोडी भरपाई करत असावं. म्हणजे मंदावलेलं मेटाबॉलिझम हे अपयशाचं कारण नसून सततच्या हालचालीची खूण असू शकेल. हे गृहीतक आहे, सिद्ध झालेलं नाही. पण गाजलेल्या पेपरच्या लेखकानंच असं लिहावं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. आपण प्री-सबमिशनला एक तक्ता बदलायला सांगितला तरी रुसतो.

तुमच्यासाठी

पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहित असाल, तर एवढं करून बघा. तुमच्या प्रस्तावातला सर्वांत लाडका संदर्भ घ्या. त्याचा निष्कर्ष एका वाक्यात लिहा. त्या वाक्यातला ‘म्हणून’ शोधा. मग पेपरमध्ये त्या ‘म्हणून’साठी कोणता आकडा आहे ते बघा, आणि तो किती माणसांवरून आला तेही. आकडा सापडला नाही, तर तो ‘म्हणून’ तुमचा आहे, लेखकाचा नाही.

या पेपरपुरतं सांगायचं, तर १४९ किलोच्या, टीव्हीसाठी निवडलेल्या स्पर्धकांवरून मी ७१ किलोच्या आईला निदान देऊन टाकलं, हीच मुळातली चूक. ती सुधारायला मी तिला पुन्हा फोन केला. “त्या दिवशी सांगितलं ते अर्धंच होतं,” म्हणाले, आणि जमलं तसं समजावलं. ती बराच वेळ ऐकून घेत होती. मग म्हणाली, “म्हणजे चालायचं की नाही, तेवढं सांग.”

चालायचं, म्हणाले. आता ती रोज पाऊण तास चालते. वजन दीड किलोनं उतरलं आहे, फार नाही. पण दर रविवारी ती आकडा वहीत लिहिते, आणि एक महिना वाढलं तर स्वतःला बोल लावत नाही. “एका आकड्यावरून काही ठरत नाही ना?” असं मलाच विचारते.