‘दि सॉलिड गोल्ड कॅडिलॅक’ : भागधारकांच्या बंडाची परीकथा

व्यापारी कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा हा नाट्यविषय होऊ शकेल, असे सहसा कोणास वाटणार नाही. अहवाल वाचला गेला असे समजावयाचे, ताळेबंद मान्य झाला असे धरावयाचे, आणि ठरलेल्या संचालकांची फेरनिवड करून चहाकडे वळावयाचे, एवढाच तिचा परिपाठ. जॉर्ज कॉफमन आणि हॉवर्ड टाइकमन या दोघा अमेरिकन नाटककारांनी नेमक्या या नीरस विधीतून ‘दि सॉलिड गोल्ड कॅडिलॅक’ हे प्रहसन उभे केले. न्यूयॉर्कच्या बेलास्को रंगमंदिरात ५ नोव्हेंबर १९५३ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला आणि पुढे पाचशेहून अधिक प्रयोग झाले. १९५६ साली त्यावर चित्रपटही निघाला. भागधारकांच्या बंडाचे हे बहुधा सर्वांत लोकप्रिय कलारूप होय. म्हणूनच त्यात बंडाविषयी कोणती समजूत रुजविली आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

कथानक थोडक्यात असे : लॉरा पार्ट्रिज या बाईंजवळ एका अवाढव्य कंपनीचे अवघे दहा भाग आहेत. सभेत त्या उठून अध्यक्षांच्या वेतनाविषयी एक साधा प्रश्न विचारतात. संचालक गोंधळतात. बाईंचे तोंड बंद करण्यासाठी ते त्यांना नोकरी देतात आणि लहान भागधारकांशी पत्रव्यवहार करण्याचे निरुपद्रवी काम सोपवितात. बाई मात्र ते काम मनापासून करतात. गावोगावच्या लोकांची ख्यालीखुशाली विचारतात, त्यांच्या सुखदुःखांची दखल घेतात. अखेर याच लोकांनी पाठविलेल्या प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत देण्याची अधिकारपत्रे, बाईंच्या नावे येतात आणि संचालकांचे सिंहासन कोसळते.

या रचनेत नाटककारांची खरी सूक्ष्म दृष्टी दिसते ती पत्रव्यवहाराच्या योजनेत. ॲडॉल्फ बर्ली आणि गार्डिनर मीन्स यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, आधुनिक महामंडळात मालकी एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे असते. त्यांनी तपासलेल्या अमेरिकेतील २०० सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी सुमारे ४४ टक्के कंपन्या प्रत्यक्षात व्यवस्थापकांच्या ताब्यात होत्या. मालक हजारो असतात, पण ते एकमेकांस ओळखत नाहीत. व्यवस्थापकांची सत्ता उभी असते ती या अपरिचयावर. लॉराबाईंची पत्रे तोच अपरिचय मोडतात. जे ग्रंथकारांनी आकड्यांनी सांगितले, ते येथे टपालाच्या गठ्ठ्यांनी दिसते. हे यश सामान्य नव्हे.

परंतु याच ठिकाणी नाटकाचे वैगुण्यही दडले आहे. लहान भागधारक बाईंना प्रॉक्सी देतात ते कारभाराचा हिशेब तपासून नव्हे, तर मुख्यतः बाईंविषयी जिव्हाळा वाटला म्हणून. कालपर्यंत ज्या विश्वासाने ते संचालकांच्या कागदावर सही करीत, त्याच विश्वासाने आज ते बाईंच्या नावे सही करतात. विश्वासाचे पात्र बदलले. विश्वासाची जात बदलली नाही. संचालक दुष्ट आणि बाई सज्जन आहेत, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. उद्या एखादा गोडबोल्या धूर्त मनुष्य अशीच पत्रे लिहू लागला, तर हेच भागधारक त्यालाही सिंहासनावर बसवितील. नाटक या शक्यतेकडे ढुंकूनही पाहत नाही.

प्रहसनाने कंपनी-कायद्याचा पाठ द्यावा काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. नाटककारांनी निवेदकाच्या मुखाने ही परीकथा आहे असे आरंभीच सुचविले असल्याने त्यांचा बचावही सोपा आहे. आमचे म्हणणे इतकेच की, परीकथेची चौकट येथे अलंकार म्हणून आलेली नसून पळवाट म्हणून आली आहे. ‘हे वेतन कशाबद्दल?’ हा पहिल्या प्रवेशातील प्रश्न व्यवस्थेला विचारलेला आहे. शेवटच्या प्रवेशातील उत्तर मात्र व्यक्तींपुरते आहे. चित्रपटाने ही उणीव आणखी गडद केली. रंगभूमीवर जोसेफिन हल या वृद्ध अभिनेत्रीने साकारलेली लॉरा पडद्यावर जूडी हॉलिडेच्या रूपाने तरुण झाली, प्रश्नाशेजारी प्रणय येऊन बसला आणि सारा कृष्णधवल चित्रपट अखेरच्या प्रसंगी सोनेरी मोटारीसाठी रंगीत झाला.

पडदा पडल्यानंतर काय होते, हे वास्तवाने लवकरच दाखविले. नाटक गाजत असतानाच, १९५४ साली, रॉबर्ट यंग यांनी लहान भागधारकांचा कैवार घेत न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या संचालकांविरुद्ध प्रॉक्सींची लढाई पुकारली आणि जिंकली. पण रेल्वेचे दुखणे संचालकांच्या नावांत नव्हते. मोटारी, विमाने आणि मालमोटारी यांनी तिची वाहतूक ओढून नेली होती. १९५८ च्या जानेवारीत लाभांश थांबला. १९६८ साली ती कंपनी जुन्या प्रतिस्पर्धी पेनसिल्व्हेनिया रेल्वेत विलीन झाली आणि १९७० साली त्या जोडकंपनीचे दिवाळे वाजले.

२०२१ सालचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘एंजिन नंबर वन’ या चिमुकल्या गुंतवणूकसंस्थेने एक्झॉनमोबिल या तेलकंपनीच्या बारा जणांच्या संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. तिच्याजवळ कंपनीचे सुमारे ०.०२ टक्के भाग होते. लॉराबाईच जणू अवतरल्या! परंतु या विजयास बळ आले ते ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट या अतिप्रचंड निधिव्यवस्थापकांच्या मतांनी. ते भाग ज्यांच्या बचतीतून घेतले गेले होते, त्या असंख्य लहान माणसांना बहुतांशी कोणी विचारलेही नव्हते. लॉराबाईंच्या काळी निदान प्रत्येक प्रॉक्सीवर मालकाची सही तरी होती.

या दृष्टीने पाहता प्रस्तुत नाटकाचे मोल त्याच्या सोनेरी शेवटात नाही. ते आहे सभेत उभ्या राहिलेल्या, दहा भागांच्या धनिणीच्या त्या संकोचरहित प्रश्नात. बंड एका दिवसात जिंकता येते. प्रश्न मात्र दरवर्षी विचारावा लागतो, आणि तो आपण निवडून दिलेल्या माणसालाही विचारावा लागतो. लॉराबाई अध्यक्षांच्या बाजूस जाऊन बसल्यावर सभेतून कोण उठणार, हे नाटककारांनी लिहावयाचे राहून गेले. ती रिकामी खुर्ची दाखविली असती, तर हे मनोरंजक प्रहसन थोर सुखात्मिका झाले असते.