‘नाचे मयूरी’ आणि जयपूरचें पाऊल

अपंग मनुष्याची कथा आमच्या लेखकांनीं व चित्रपटकारांनीं बहुधा दोनच साच्यांत ओतली आहे. एक तर तो देवळाच्या पायरीवर बसून आमच्या डोळ्यांस पाणी आणतो, नाहीं तर एखादें अचाट कृत्य करून आमच्याकडून टाळ्या घेतो. त्याचें जेवणखाण, कामधंदा, येणेंजाणें कसें चालतें, ही विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. ‘नाचे मयूरी’ हा इ. स. १९८६ मधील हिंदी चित्रपट अलीकडे पुन्हां पाहतांना हा विचार आमच्या मनांत आला. आणि त्या चित्रपटाचा गुण व त्याची उणीव या दोहोंचा उलगडा त्यांतूनच होतो, असें आम्हांस वाटलें.

चित्रपटाचें कथानक सुधा चंद्रन ह्यांच्याच आयुष्यांतून घेतलेलें आहे. १९८१ सालीं झालेल्या अपघातानंतर ह्या तरुण नर्तकीचा एक पाय कापावा लागला. जयपूर येथें बनलेलें कृत्रिम पाऊल लावून १९८४ सालीं त्या पुन्हां रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९८५ त सिंगीतम श्रीनिवास राव ह्यांनीं ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट काढला. त्यांत नायिकेचें काम स्वतः चंद्रन ह्यांनींच केलें, व हिंदी अवतारांतहि त्याच आहेत. ह्या कृतीचा सर्वांत मोठा गुण हाच होय. प्रियकरानें पाठ फिरविणें वगैरे प्रसंग ठरीव वळणाचे आहेत खरे. परंतु ज्या देहानें दुःख भोगलें तोच देह समोर नाचूं लागला म्हणजे टीकाकारानें क्षणभर लेखणी खालीं ठेवावी, हेंच बरें.

तथापि चित्रपटाची सारी ओढ रंगमंचाकडे आहे. पाऊल मिळालें, नाच साधला, टाळ्या पडल्या, कीं कथा आटोपली. त्यामुळें प्रेक्षकाची अशी समजूत होते कीं, हें पाऊल म्हणजे असामान्य व्यक्तीस असामान्य यश देणारी कांहीं अद्भुत वस्तु असावी. वस्तुस्थिति निराळी आहे. तें घडविलें गेलें जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या आणि अनवाणी शेतांत जाणाऱ्या साध्या माणसासाठीं.

परदेशांत रूढ असलेलें कृत्रिम पाऊल ताठ असे व त्यावर बूट चढवावाच लागे. तें लावून उकिडवें बसतां येत नसे, चिखलापाण्यांत उतरतां येत नसे, आणि देवळाच्या वा घराच्या दाराशीं बूट काढण्याची वेळ आली कीं पंचाईत होई. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या रुग्णालयांतील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी व तेथील कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनीं ही अडचण ओळखली. शर्मा ह्यांचें शालेय शिक्षण बेताचेंच. परंतु हातांत मूर्तिकाराचें कसब होतें. टांच व बोटांकडील भाग स्पंजासारख्या रबराचा, घोट्याशीं लांकडाचा ठोकळा, वर कातडीच्या रंगाचें रबर, आणि हें सारें साच्यांत तापवून एकजीव केलेलें, असें हें पाऊल सर्व बाजूंस लवतें व पाण्यानें बिघडत नाहीं. डॉ. सेठी ह्यांना १९८१ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्या पावलाचें एकस्व मात्र त्यांनीं घेतलें नाहीं. म्हणूनच सुरुंगांनीं पाय गमावलेल्या अफगाणिस्तानांतील व कंबोडियांतील माणसांपर्यंतहि तें पोंचूं शकलें.

परंतु उत्तम वस्तु निर्माण झाली म्हणजे ती गरजूंच्या पायीं आपोआप येते असें नाहीं. पहिल्या सात वर्षांत अशीं पावलें सुमारें पन्नासच लोकांस बसविलीं गेलीं. १९६९ त अपघातांत स्वतःचा पाय चिरडून घेतलेले सनदी अधिकारी देवेंद्रराज मेहता ह्यांनीं १९७५ सालीं भगवान महावीर विकलांग सहायता समिति स्थापन केली, तेव्हां चित्र पालटलें. खेड्यांतून आलेल्या माणसास कोणत्याहि वेळीं दार उघडें ठेवावें, त्याची व सोबत्याची राहण्याजेवण्याची सोय करावी, पैसा घेऊं नये व शक्य तों लवकर त्यास चालतें करून घरीं धाडावें, ही रीत समितीनें घातली. रोजमजुरीवर पोट असणाऱ्यास पायाच्या किंमतीइतकाच बुडालेल्या दिवसांचा खर्च जड जातो, हें तिनें जाणलें. लाभार्थ्यांची संख्या पुढें लाखांवर गेली.

तरीहि अशा धर्मकार्याची परीक्षा आम्ही शिबिरांतील संख्येवरून करणार नाहीं. रबर झिजतें, कापलेल्या पायाचा आकार बदलतो, मूल तर वर्षागणिक वाढतें. दूरदेशीं शिबिर भरवून, छायाचित्रें काढून मंडळी परतलीं, आणि दोन-तीन वर्षांनीं पाऊल फुटलें, तर तें दुरुस्त करणारा हात गांवाजवळ आहे काय? नसेल तर तो मनुष्य पुन्हां काठीवर आला म्हणून समजावें. म्हणून स्थानिक कारागीर शिकवून तयार करणें हेंच ह्या कामाचें खरें भांडवल होय. दात्यांच्या डोळ्यांत भरतें तें शिबिर. कारखान्याच्या कोपऱ्यांत साचा घांसणारा मनुष्य कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

चित्रपटाचा व दानाचा दोष अशा रीतीनें एकच ठरतो: दोघेहि टाळीपाशीं थांबतात. ‘नाचे मयूरी’ घरच्या मुलाबाळांसह अवश्य पाहावा. मात्र पडदा पडल्यावर मुलांस एक प्रश्न विचारावा, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती मुलगी पाणी भरावयास, जिना उतरावयास, पाटावर बसावयास गेली तेव्हां काय झालें असेल? ह्या प्रश्नाचें उत्तर देणारी कथा आमच्या भाषेंत कोणी लिहील, तर तिच्यांत अश्रु व टाळ्या दोन्ही कमी असतील. परंतु एखादा शेतकरी कृत्रिम पाऊल मोडून मांडी घालतो व भाकरी मागतो, एवढें वाचूनहि आम्हांस समाधान होईल.